तहान सोसणारी झाडं आणि आपला पावसाळा

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. तुकोबांची पालखी पुण्यात आली की तिचा मुक्काम याच देवळात असतो. देवाच्या नावात निवडुंग चालला, पण घराच्या दारात तो आपल्याला फारसा कधी चालला नाही. काट्याचं झाड दारात लावलं की घरात भांडणं लागतात, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. निवडुंगाची जागा शेताच्या बांधावर, फार तर गोठ्याच्या कुंपणाला. शेराचीही तीच. अपवाद एका कोरफडीचा. ती परसात हवीच, भाजलं तर गर लावायला. आणि चौकटीवर उलटी टांगायला, दृष्ट लागू नये म्हणून. टांगलेल्या कोरफडीला ना माती, ना पाणी, तरी ती महिनोन्महिने हिरवी राहते. ती हे कसं करते, असा प्रश्न मात्र त्या दारातून रोज ये-जा करणाऱ्यांना सहसा पडत नाही.

या पुस्तकातल्या लेखकांना तो पडला. मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर आणि मडगाव इथे गॅलरीत, गच्चीवर, खिडकीच्या जाळीत सक्युलंट वाढवणाऱ्या हौशी मंडळींनी आपापल्या गावच्या हवेत काय जगलं आणि काय मेलं, ते इथे लिहिलं आहे. विषयाला नव्या असलेल्या वाचकाला या लेखांत शिरण्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी, म्हणून ही प्रस्तावना.

सक्युलंट हे वनस्पतींचं एखादं कुळ नव्हे. पानांत, खोडात किंवा मुळांशी पाणी साठवून ठेवायची सवय कितीतरी कुळांनी एकमेकांशी संबंध नसताना लावून घेतली. त्यामुळे दिसायला सख्खी भावंडं वाटणारी झाडं नात्याने फार लांबची असतात. बांधावरचा तीन धारांचा निवडुंग हा युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. त्याला टोचलं की पांढरा चीक वाहतो, आणि तो डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस. त्याचे काटे लोकरीच्या बारीक गादीतून फुटतात आणि त्याचं मूळ घर अमेरिका खंडात. कोरफड अरबस्तानातली, पानफुटी मादागास्करची, अडेनियम पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातलं. नर्सरीत 'जेड' म्हणून मिळणारं बारीक गोल पानांचं झाड बहुतेक वेळा खरं जेड नसतंच. ते दक्षिण आफ्रिकेतलं पोर्टुलाकारिया असतं आणि तिकडे हत्ती ते आवडीने खातात. खरं जेड, म्हणजे क्रासुला, मोठ्या जाड पानांचं. दोन्ही एकाच मांडणीवर, एकाच नावाने विकली जातात. त्यातलं पोर्टुलाकारिया आपला उन्हाळा जास्त सोसतं, त्यामुळे या फसवणुकीत गिऱ्हाइकाचा फायदाच होतो.

आता कोरफडीच्या प्रश्नाकडे. त्याच्या उत्तराची एक महत्त्वाची खूण भारतातच सापडली, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. बेंजामिन हाइन हा जर्मन मिशनरी मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वनस्पतींचा अभ्यास करत होता. त्याच्या ध्यानात आलं, की पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं, दुपारी त्याला चवच नसते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होतं. लंडनच्या लिनियन सोसायटीने त्याचं हे निरीक्षण १८१५ मध्ये छापलं. कारण पुढे विसाव्या शतकात नीट उलगडलं. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्याच रंध्रांतून उन्हात पाणी उडून जातं. पानफुटी, कोरफड आणि कॅक्टस रंध्रं उघडतात रात्री. रात्रभर घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पेशींत साठवायचा, सूर्य वर आला की दारं लावून घ्यायची आणि आतल्या साठ्यावर दिवसाचं काम चालवायचं. म्हणून सकाळचं पान आंबट. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधारण झाड ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतं; ही झाडं ५० ते १०० ग्रॅममध्ये भागवतात. आपल्याकडचा अननसही याच पंथातला. पडताळा घ्यायचा असेल तर पान चावायची गरज नाही. पहाटे आणि दुपारी चारला पानफुटीचा रस आम्लता मोजायच्या कागदी पट्टीला लावून पाहा. रंगातला फरक दिसतो.

या पुस्तकाचा सगळा रोख या रात्रीवर आहे. बाजारात मिळणारी सक्युलंटवरची पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेच्या हवेत लिहिलेली. त्यांना धास्ती बर्फाची, गोठणाऱ्या मुळांची, हिवाळ्यातल्या अंधाराची. ती वाचून मुंबईतला माणूस एशेव्हेरियाची गुलाबासारखी रोपं आणतो, सांगितलं तेवढंच पाणी देतो, ऊनही बेताचं देतो. आणि जुलैत ती बुडापासून काचेसारखी पारदर्शक होऊन गळतात. दोष त्याच्या हातात नसतो. एशेव्हेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिथे दिवस कितीही तापला तरी रात्र थंड होते. मुंबईत मे महिन्याची रात्र २७ अंशांच्या आसपासच राहते. उकाड्याच्या रात्री असं झाड रंध्रं नीट उघडत नाही, उलट साठवलेलं अन्न जाळत राहतं. वर समुद्राची दमट हवा, म्हणजे कुंडी वाळत नाही. झाड आतून उपाशी आणि बाहेरून ओलं, मग बुरशीला आणखी काय हवं? पुण्याला पावसाळ्यातही रात्री बऱ्यापैकी गार होतात, शिवाय वर्षाचा पाऊस ७००-७५० मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत तो दोन हजारांच्या बराच वर जातो. तीच एशेव्हेरिया पुण्यात आडोशाला तगते आणि थंडीत कडांना लालसर रंग धरते. नागपूरला हिवाळा तिला मानवतो, पण मे महिना बहुधा घात करतो.

तेव्हा झाड निवडताना आपल्या गावची रात्र आधी पाहावी. किनारपट्टीवर अडेनियम, सान्सेव्हेरिया, पोर्टुलाकारिया, बहुतेक युफोर्बिया. पुणे-नाशिककडे त्यांच्या जोडीला एशेव्हेरिया, सेडम, हावोर्थिया. सोलापूर-मराठवाड्यात कॅक्टस आणि अगेव्ह, म्हणजे आपलं घायपात. हा काही कायदा नव्हे. दहाव्या मजल्यावरच्या वाऱ्याच्या गॅलरीतल्या आणि तळमजल्यावरच्या कोंदट पॅसेजमधल्या हवेत दोन गावांइतकं अंतर असू शकतं.

झाडं घरी आणून वाढवण्याचा हा छंद तसा जुना. इंग्लंडमध्ये रिचर्ड ब्रॅडलीने सक्युलंटवरचं आपलं सचित्र पुस्तक १७१६ पासून भागाभागाने काढलं. शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये द कांदोलच्या मजकुराला रेदुतेची चित्रं लाभली, तोच रेदुते जो गुलाबांच्या चित्रांसाठी ओळखला जातो. त्या काळी ही झाडं राजांच्या आणि विद्यापीठांच्या काचघरांत असत. वनस्पतींच्या शोधात १८११ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फिरत असताना विल्यम बर्चेलने खडा समजून जमिनीवरून काहीतरी उचललं, ते झाड निघालं. आज आपण त्याला लिथॉप्स म्हणतो. जर्मन कवी ग्योटेला पानफुटीचं इतकं वेड होतं की पानाच्या कडेला फुटलेली रोपं तो मित्रमंडळींना पाठवत असे. जर्मनीत ती अजून त्याच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटन आणि रोझ या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१९ ते १९२३ या काळात कॅक्टसवर चार खंड काढले आणि संग्राहकांच्या ऐसपैस पसरलेल्या नावांना थोडी शिस्त आली.

यातून वाढवण्याच्या दोन-तीन परंपरा तयार झाल्या आणि त्यांच्यात आजही तंटे चालतात. युरोपीय संग्राहकाला जाती हव्यात, त्याही शुद्ध. कुठल्या डोंगरावरचं बी, याची नोंद कुंडीत खोचलेली हवी. जपानी माळ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी हावोर्थियाच्या पानांतल्या पारदर्शक खिडक्या, पांढरे-पिवळे पट्टे, विचित्र वळणं निवडून निवडून वाढवली. गल्लोगल्ली मिळणारा लाल टोपीचा कॅक्टसही जपानी करामत. ती लाल टोपी स्वतः अन्न तयार करू शकत नाही, कारण तिच्यात हरितद्रव्यच नसतं. खालच्या हिरव्या खोडावर कलम करून तिला पोसावं लागतं. ते खोड बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचं. तोच वेल सांगलीच्या जतसारख्या दुष्काळी तालुक्यांत शेतकरी सिमेंटच्या खांबांवर चढवतात आणि बारामतीजवळ माळेगावच्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत त्यावर काम चालतं. तिसरी परंपरा थायलंड-तैवानची, अडेनियमची: जाड बुडखा, कलमी फुलं, बोन्सायकडे झुकणारी नजर. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांवर आज सगळ्यात जास्त छाप तिचीच आहे, आणि ते योग्यच आहे, कारण अडेनियमला आपली रात्र मानवते.

भारतातलं मोठं नाव पंचकुल्याचं. डॉ. जे. एस. सरकारिया यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये तिथे कॅक्टस आणि सक्युलंटचं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. कालिंपोंगच्या रोपवाटिकांनी देशभर कॅक्टस पोचवले. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात आणि मुंबईत राणीच्या बागेतल्या प्रदर्शनात या झाडांपुढे गर्दी असते, तरी खरेदी करणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त.

पण या झाडांशी आपला संबंध छंदापुरता नाही. लाल रंगासाठी लागणारा कोचिनील किडा पोसायचा, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासकडे फड्या निवडुंगाचे मळे लावायचा घाट घातला. १७९५ मध्ये किडा आणला तो कमअस्सल जातीचा. रंग मिळाला नाही, निवडुंगाची एक जात मात्र किड्याने फस्त केली. उरलेल्या जाती रानोमाळ पसरल्या. दुष्काळात काटे भाजून तीच गुरांना चारली जाई, तरी शेतकऱ्याला ती नकोशीच झाली होती. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलची दुसरी जात आणली आणि काही वर्षांत दक्षिणेतली ती रानं बसली. आपल्या कुंडीतल्या कॅक्टसवर कापसासारखे पुंजके दिसतात तो पिठ्या ढेकूण याच किड्याचा चुलत भाऊ. एका किड्याने शेकडो मैलांचं रान संपवलं, हे लक्षात ठेवलं म्हणजे गॅलरीतल्या दोन पांढऱ्या ठिपक्यांकडे कानाडोळा होत नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस आणि दात घासायचा जुना ब्रश, सुरुवातीला एवढं पुरतं. मुळांत शिरला असेल तर कुंडी रिकामी करावीच लागते.

आणि सह्याद्रीची स्वतःची सक्युलंट्स आहेत, ती तर आपण पाहिलेलीही नसतात. शिंदळ माकुडी शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर वाढते. जगात इतरत्र कुठे ती रानात सापडत नाही. शास्त्रज्ञांनी तिला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. पावसाळ्यात मांसल फांद्यांना पानं आणि पिवळ्या नक्षीची गडद लाल चांदणीसारखी फुलं, उन्हाळ्यात नुसती वाळल्यासारखी दोरी. माळरानावरची माकडशिंगं तिचीच नातलग, आणि सह्याद्रीच्या पठारांवरची कंदीलपुष्पंही त्याच गोतावळ्यातली. ही पावसाळा सरला की जमिनीखालच्या कंदात दडून बसतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांच्या संवर्धनावर मोठं काम झालं आहे. गंमत अशी की हृदयाच्या आकाराच्या पानांची जी नाजूक वेल आपण ऑनलाइन मागवून खिडकीत टांगतो, ती कंदीलपुष्पाचीच दक्षिण आफ्रिकी बहीण. घरची सोडून पाहुणीचं कौतुक आपल्याला नवं नाही. पण म्हणून कुणी किल्ल्यावरून शिंदळ माकुडी उपटून आणू नये. एक मूळ उपटलं तरी त्या कड्यावरची संख्या जाणवण्याइतकी घटते. दक्षिण आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत कोनोफायटमसारखी इवली झाडं लाखांच्या संख्येने चोरून परदेशी गेली, ती घरोघरच्या हौशी लोकांच्या मागणीमुळेच. बहुतेक सगळ्या कॅक्टसचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारानुसार नियंत्रित आहे. बियांपासून किंवा फांदीपासून वाढवलेलं रोपच घ्यावं, आणि विकणाऱ्याला ते विचारायला लाजू नये.

आता जवळून एक काम. उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सरीतून आणलेलं जेड घ्या. हलक्या हाताने पिशवी फाडली की मुळांभोवती तपकिरी स्पंजासारखा गोळा निघतो, तो कोकोपीट. नर्सरीवाल्याला तो सोयीचा: हलका, स्वस्त, आणि त्याच्याकडे पाणी घालायला माणूस आहे. आपल्या घरी तो पावसाळ्यात आठवडाभर ओला राहतो आणि उन्हाळ्यात एकदा कोरडा पडला की पाणी आत घेत नाही, कडेने खाली निसटतं. म्हणून गोळा बोटांनी मोकळा करायचा, मुळं तुटली तर तुटू द्यायची, काळी मऊ मुळं कात्रीने काढायची आणि झाड सावलीत दोन-तीन दिवस नुसतं पडू द्यायचं. जखमा वाळू देणं हे पाणी देण्यापेक्षा महत्त्वाचं. मग मातीची भोकाची कुंडी. एक भाग चाळलेलं कंपोस्ट, दोन ते तीन भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि जाड वाळू. वाळू उपशावर निर्बंध आले तेव्हापासून नदीची वाळू दुर्मिळ आणि महाग. विटांचे तुकडे तिचं काम तितकंच चांगलं करतात, फक्त धुऊन धूळ काढायची. काळी माती अजिबात नको. ती पाणी धरते, आणि वाळली की आवळून मुळं तोडते. पहिलं पाणी आठवड्याने. पुढे पान चिमटीत धरून पाहायचं: टणक असेल तर थांबायचं, किंचित मऊ पडलं की कुंडीच्या तळातून वाहेपर्यंत घालायचं. रोज घोटभर पाणी ही माया या झाडांना सोसत नाही. जूनपासून कुंड्या पत्र्याखाली, वाऱ्याच्या वाटेत.

आता या सगळ्याचं प्रयोजन. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरातली झाडं हा मोठा व्यापार झाला. त्यासोबत रंगाचे फवारे मारलेले कॅक्टस, त्यावर डिंकाने चिकटवलेली कागदी फुलं, आणि हवा शुद्ध करणाऱ्या झाडांच्या याद्या आल्या. या याद्या ज्यावर बेतल्या, तो नासाचा १९८९ मधला प्रयोग हवाबंद लहान पेटीतला होता. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा खोलीतल्या हवेवर परिणाम व्हायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील असं निघालं. इतकी झाडं घरात आणली तर माणसांना बाहेर राहावं लागेल. पाणी वाचवण्याच्या घोषणाही तशाच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. गॅलरीतल्या दहा कुंड्यांनी त्यात फरक पडला नसता. खरा उपयोग वेगळा आहे. टँकरच्या गावात, सुट्टीला महिनाभर बंद राहणाऱ्या घरात, गुडघे दुखतात म्हणून रोज बादली उचलता न येणाऱ्या माणसाच्या गच्चीवरही बाग असू शकते, आणि ती उन्हाळ्यात फुलते. मराठीत या विषयावर गंभीरपणे फारसं लिहिलं गेलेलं नाही, हेही एक कारण.

पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. दुर्मिळ जातींच्या किमती नाहीत, वास्तू नाही, औषधी नुस्खे नाहीत. अडेनियमचा चीक विषारी असतो आणि युफोर्बियाचा डोळ्यांना घातक, ही सूचना मात्र जागोजाग येईल. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ती वगळू नका. लेखकांची मतं काही ठिकाणी एकमेकांना छेदतात. सोलापूरच्या लेखिका खताला विरोध करतात, नाशिकचे लेखक त्याशिवाय फूल येत नाही म्हणतात. संपादक म्हणून मी ते मतभेद मिटवलेले नाहीत, कारण दोघांची झाडं जिवंत आहेत.

पुस्तक कुठूनही वाचायला घ्या. फक्त पावसाळ्यावरचा भाग मे संपायच्या आत वाचा, आणि जून-जुलैत नवं रोप विकत घेऊ नका.